मोटार संग्रहालयाचे समापन व संग्रहाचे जतन

मोटार संग्रहालयाचे समापन म्हणजे जुन्या मोटारी लोकांना पाहण्यासाठी खुल्या ठेवणारी संस्था कायमची बंद होणे. संस्था बंद झाली तरी तिच्या ताब्यातील मोटारी, सुटे भाग, नोंदवह्या, छायाचित्रे व अवजारे शिल्लक राहतात. या सर्वांचे पुढे काय करायचे, ते कोणी ठरवायचे आणि संग्रह एकत्र राहावा की विखुरला जावा, हा संग्रहजतनाचा विषय होय.

मोटार संग्रहालये बहुधा एखाद्या धनिकाच्या, कारखानदाराच्या किंवा संस्थानिक घराण्याच्या खाजगी छंदातून उभी राहिली. त्यामुळे संस्थापकाचा मृत्यू, कारखान्याची दिवाळखोरी किंवा वारसांमधील वाद यांचा परिणाम थेट संग्रहावर होतो. आजवरच्या उदाहरणांवरून असे दिसते की, संग्रहाचे भवितव्य मोटारींच्या किमतीपेक्षा दोन गोष्टींवर अधिक अवलंबून असते : संग्रहाची कायदेशीर मालकी कोणाकडे आहे, आणि प्रत्येक वस्तूची लेखी नोंद आहे की नाही.

संज्ञा व व्याप्ती

संग्रहालयशास्त्रात जतन, संवर्धन व जीर्णोद्धार या तीन संज्ञांत फरक केला जातो. वस्तू आहे त्या स्थितीत टिकवणे व तिची आणखी झीज होऊ न देणे म्हणजे जतन. झीज थांबवण्यासाठी मर्यादित व परत काढता येण्याजोगे उपचार करणे म्हणजे संवर्धन. तुटलेले वा हरवलेले भाग नव्याने बसवून वस्तू पूर्वीच्या एखाद्या स्थितीला नेणे म्हणजे जीर्णोद्धार. जुन्या मोटारीला चकचकीत रंग देणे हा जीर्णोद्धार आहे. परंतु त्यात मूळ रंगाचा थर खरवडला जात असल्याने कायमचे नुकसानही होऊ शकते.

ऐतिहासिक वाहनांच्या संघटनांचा जागतिक महासंघ १९६६ पासून कार्यरत आहे. त्याने २०१२ मध्ये स्वीकारलेली 'तूरिन सनद' या क्षेत्रातील मार्गदर्शक दस्तऐवज मानली जाते. ऐतिहासिक वाहन हे केवळ यंत्र नसून सांस्कृतिक वारशाचा भाग आहे, आणि त्याबरोबर त्याची कागदपत्रे व ते दुरुस्त करण्याचे कौशल्यही टिकले पाहिजे, अशी या सनदेची भूमिका आहे.

समापनाची कारणे

मोटार संग्रहालय बंद पडण्याची कारणे सामान्यतः पुढीलप्रमाणे असतात :

१. संस्थापकाचे निधन. वारसांना आवड नसते किंवा खर्च परवडत नाही.
२. मूळ उद्योगाची अडचण. संग्रहालय एखाद्या कारखान्याच्या नफ्यावर चालत असेल, तर कारखाना बुडताच त्याचा आधार जातो.
३. जागेची किंमत. मोटारींना मोठे छप्पर लागते. शहर वाढले की त्या जमिनीचे मूल्य तिकिटांच्या उत्पन्नापेक्षा कितीतरी अधिक होते.
४. मोटारींची किंमत. दुर्मीळ मोटारींचे लिलावातील भाव वाढले की विम्याचा हप्ता वाढतो व विक्रीचा मोहही वाढतो.
५. मनुष्यबळाचा अभाव. जुन्या इंजिनांची, लाकडी सांगाड्यांची व चामड्याच्या बैठकांची कामे जाणणारे कारागीर निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी नवे मिळत नाहीत.

म्युलूझ येथील श्लुम्फ संग्रह

मोटारसंग्रहाच्या जतनाचे सर्वांत परिचित उदाहरण फ्रान्समधील आल्सास प्रांतातील म्युलूझ या शहरातील आहे. हान्स व फ्रिट्झ श्लुम्फ या स्विस नागरिक असलेल्या बंधूंच्या तेथे लोकर कातण्याच्या गिरण्या होत्या. फ्रिट्झ यांना मोटारींचा, विशेषतः त्याच प्रांतातील मोल्सहाइम येथे तयार झालेल्या बुगाटी मोटारींचा, विलक्षण ध्यास होता. १९६० च्या दशकात त्यांनी जगभरातून मोटारी विकत घेतल्या. १९६४ मध्ये एका अमेरिकन संग्राहकाकडून त्यांनी एकाच वेळी ३० बुगाटी मोटारी घेतल्या. एत्तोरे बुगाटी यांच्या स्वतःच्या वापरातील 'रोयाल' मोटारही त्यांच्याकडे आली. या प्रकारच्या केवळ ६ मोटारी तयार झाल्या होत्या आणि त्यांपैकी २ आज म्युलूझमध्ये आहेत.

हा संग्रह एका गिरणीच्या इमारतीत गुप्तपणे ठेवलेला होता. कारागिरांची एक तुकडी तेथे मोटारींची दुरुस्ती करीत असे. पॅरिसमधील एका पुलावरील दिव्यांच्या धर्तीवर शेकडो दीपस्तंभ बसवून दालन सजवले होते. पण ते लोकांसाठी उघडले गेले नव्हते.

१९७० च्या दशकात युरोपातील वस्त्रोद्योग मंदावला. १९७६ मध्ये श्लुम्फ बंधूंच्या गिरण्या अडचणीत आल्या, कामगारकपात सुरू झाली आणि बंधू स्वित्झर्लंडला निघून गेले. मार्च १९७७ मध्ये कामगारांनी त्या इमारतीत प्रवेश केला, तेव्हा आत शेकडो मोटारी ओळीने उभ्या दिसल्या. आपल्या श्रमाचा पैसा कोठे गेला, याचे उत्तर कामगारांना तेथे मिळाले. त्यांनी इमारतीचा ताबा घेतला, तिला 'कामगारांचे संग्रहालय' असे नाव दिले आणि सुमारे दोन वर्षे ती लोकांना खुली ठेवली. लाखो लोकांनी या काळात संग्रह पाहिला.

कामगारांपुढे आणि धनकोंपुढे खरा प्रश्न होता तो थकलेल्या पैशाचा. मोटारी एकेक करून लिलावात विकल्या असत्या, तर रक्कम बरीच आली असती. परंतु संग्रह जगभर विखुरला असता. १९७८ मध्ये फ्रेंच शासनाने या संग्रहाला ऐतिहासिक वारशाचा कायदेशीर दर्जा दिला. त्यामुळे मोटारी देशाबाहेर नेणे वा सुट्या विकणे अशक्य झाले. १९७९ मध्ये कामगारांचा ताबा संपला. १९८१ मध्ये नगरपालिका, प्रादेशिक संस्था व मोटारप्रेमींच्या संघटना यांनी मिळून स्थापन केलेल्या मंडळाने संपूर्ण संग्रह ४.४ कोटी फ्रँकला विकत घेतला आणि जुलै १९८२ मध्ये तेथे राष्ट्रीय मोटार संग्रहालय सुरू झाले. आज त्यात ४०० हून अधिक मोटारी असून त्यांतील १०० हून अधिक बुगाटी आहेत.

विक्रीची किंमत योग्य होती काय, याविषयी श्लुम्फ कुटुंबाने दीर्घकाळ न्यायालयीन लढा दिला. सुटी विक्री बंद झाल्यामुळे किंमत कमी आली, हा त्यांचा आक्षेप होता. संग्रह एकत्र ठेवण्याच्या निर्णयाची काही किंमत असते आणि ती कोणाला तरी सोसावी लागते, हे या वादातून स्पष्ट होते. तरीही घटनांचा क्रम महत्त्वाचा आहे. संरक्षणाचा दर्जा आधी मिळाला, विक्री नंतर झाली. हा क्रम उलटा असता, तर दर्जा देण्यासाठी संग्रहच उरला नसता.

अन्य देशांतील उदाहरणे

अमेरिकेतील नेवाडा राज्यातील रेनो येथे विल्यम हॅरा या जुगारगृहांच्या मालकाने सुमारे १,४०० मोटारी जमवल्या होत्या. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. १९८० मध्ये त्यांची कंपनी एका हॉटेल समूहाने विकत घेतली. नव्या मालकांना मोटारींशी कर्तव्य नव्हते. पुढील काही वर्षांत बहुतेक मोटारी लिलावांत विकल्या गेल्या. मात्र लोकांच्या दबावामुळे १७५ मोटारी व मोठे संदर्भ ग्रंथालय एका ना-नफा संस्थेला देण्यात आले आणि १९८९ मध्ये तेथे संग्रहालय उघडले. संग्रहाचा मोठा भाग गेला, परंतु त्याचा गाभा व कागदपत्रे शहरातच राहिली.

इटलीत बर्टोने या मोटारींचे आराखडे करणाऱ्या संस्थेचे २०१४ मध्ये दिवाळे निघाले. तिच्या संग्रहात एकदाच तयार केलेल्या अनेक नमुना मोटारी होत्या. इटलीच्या सांस्कृतिक वारसा कायद्याखाली हा संग्रह एकसंध व देशातच ठेवण्याचे बंधन असल्याने २०१५ मधील लिलावात तो एकगठ्ठा विकला गेला. ऐतिहासिक वाहनांच्या इटालियन संघटनेने तो घेतला आणि पुढे मिलानजवळील माल्पेन्सा विमानतळाशेजारच्या व्होलांदिया संग्रहालयात मांडला.

जर्मनीतील आशाफेनबुर्ग येथील रोसो बियान्को हे शर्यतीच्या मोटारींचे संग्रहालय २००६ मध्ये बंद झाले. त्यातील मोटारी एका डच संग्राहकाने घेतल्या. काही ठेवल्या, तर बऱ्याच पुढे विकल्या. इंग्लंडमधील डॉनिंग्टन येथील शर्यतीच्या मोटारींचे संग्रहालय १९७३ मध्ये सुरू झाले व नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद झाले. त्याचे संस्थापक टॉम व्हीटक्रॉफ्ट यांचे २००९ मध्ये निधन झाले होते. या दोन्ही ठिकाणी मोटारी नष्ट झाल्या नाहीत; परंतु त्या एकत्र पाहण्याची सोय मात्र संपली.

संग्रहाच्या पुढील वाटा

वरील उदाहरणांवरून समापनानंतरच्या चार वाटा सांगता येतात :

१. संपूर्ण संग्रहाचे हस्तांतरण. दुसरी संस्था सर्व मोटारी, कागदपत्रे व सुटे भाग एकत्र घेते. अभ्यासाच्या दृष्टीने ही वाट सर्वोत्तम मानली जाते.
२. गाभा राखून उर्वरित विक्री. विक्रीच्या पैशातून गाभ्याची व्यवस्था होते. कोणत्या मोटारी गाभ्यातील, हे लिलावाच्या घाईत नव्हे तर आधी ठरवलेले असावे लागते.
३. लिलावातून विखुरणे. मोटारी बहुधा सुस्थितीत राहतात, कारण घेणाऱ्याने त्यासाठी पैसे मोजलेले असतात. परंतु त्या खाजगी गॅरेजांत जातात व लोकांच्या दृष्टीआड होतात.
४. दुर्लक्ष. निर्णयच होत नाही. कुलूप लागलेल्या शेडमध्ये मोटारी गंजतात, सुटे भाग चोरीला जातात व शेवटी वजनावर भंगारात विकल्या जातात. लिलावापेक्षाही ही वाट अधिक घातक आहे.

संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या नीतिसंहितेनुसार संग्रहातून वस्तू काढावयाची झाल्यास ती प्रथम दुसऱ्या संग्रहालयाला देऊ करावी, आणि विक्रीतून आलेला पैसा संग्रहाच्याच कामी लावावा. ही संहिता नैतिक स्वरूपाची आहे; खाजगी मालकावर तिचे कायदेशीर बंधन नाही.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतात मोटारसंग्रहाच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा नाही. निरनिराळ्या कायद्यांतील तरतुदी एकत्र पाहाव्या लागतात.

पुरावशेष व कलामूल्यवस्तू अधिनियम, १९७२ या कायद्यात पुरावशेष ठरण्यासाठी वस्तू सामान्यतः किमान १०० वर्षे जुनी असावी लागते. त्यामुळे स्वातंत्र्योत्तर काळात भारतात तयार झालेली एकही मोटार आज या व्याख्येत बसत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी तरतूद करण्यात आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना तिचा लाभ मिळतो. अशा वाहनाच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये असून नोंदणी १० वर्षे वैध राहते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठीच असे वाहन रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नाही. ही तरतूद वाहनाला ओळख देते, परंतु संग्रह एकत्र ठेवण्याचे बंधन घालत नाही.

महाराष्ट्रात संग्रहालय सार्वजनिक न्यासाचे असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. या अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मोटारी ही जंगम मालमत्ता असल्याने या कलमाचे संरक्षण इमारतीला व जमिनीला मिळते, आतील मोटारींना नाही. म्हणून संग्रह विकण्यावरील निर्बंध न्यासपत्रातच स्पष्ट लिहिणे आवश्यक ठरते. न्यासाचा मूळ हेतू पार पाडणे अशक्य झाल्यास त्याच्याशी जुळणाऱ्या हेतूसाठी मालमत्ता वापरण्याचे निर्देश न्यायालयाकडून मिळवण्याची तरतूद याच अधिनियमात आहे.

संग्रह कंपनीच्या मालकीचा असेल आणि कंपनी अवसायनात गेली, तर नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ लागू होते. कंपनीच्या मालकीच्या मोटारी विकून धनकोंचे व कामगारांचे पैसे भागवले जातात. मात्र कंपनीच्या ताब्यात असलेल्या, पण न्यासाच्या किंवा अन्य व्यक्तीच्या मालकीच्या वस्तू अवसायनातून वगळलेल्या आहेत. कारखान्याच्या आवारात उभी असलेली मोटार कंपनीची की न्यासाची, हे एका कागदावर ठरते. तो कागद नसेल तर मोटार धनकोंची देणी भागवण्यासाठी विकली जाण्याचा धोका राहतो.

हस्तांतरणाच्या वेळी वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्राला, म्हणजे बोलीभाषेतील आरसी बुकला, मोठे महत्त्व आहे. नेहमीच्या विक्रीसाठी नमुना २९ व ३०, मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावे करण्यासाठी नमुना ३१ आणि सार्वजनिक लिलावातील खरेदीसाठी नमुना ३२ भरावा लागतो. इंजिन व चेसिस क्रमांक कागदावरील क्रमांकांशी जुळले नाहीत, तर हस्तांतरण रखडते.

भारतातील व महाराष्ट्रातील संग्रह

भारतातील मोठ्या मोटारसंग्रहांची मालकी भिन्न स्वरूपाची आहे. अहमदाबादजवळील कठवाडा येथील 'ऑटो वर्ल्ड' हा उद्योगपती प्राणलाल भोगीलाल यांनी जमवलेला संग्रह आहे. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. हरियाणातील तावडू येथील हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम २०१३ मध्ये सुरू झाले व ते न्यासामार्फत चालते. कोइंबतूर येथील गेडी कार म्युझियम हे जी. डी. नायडू यांच्या स्मृतीशी निगडित धर्मादाय संस्थेचे आहे.

महाराष्ट्रात अहिल्यानगर येथे १९९४ पासून लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. त्यात रणगाड्यांबरोबर रोल्स-रॉइस चिलखती मोटारही आहे. संग्रहाची मालकी एका व्यक्तीकडे नसून लष्करी संस्थेकडे असल्याने वारसाहक्काचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार शाही दसऱ्याच्या सोहळ्यात रस्त्यावर येते. परंपरेतील वापरामुळेही वस्तू टिकते, याचे ते उदाहरण होय. मुंबईत बेस्ट उपक्रमाचे वाहतूकविषयक संग्रहालय आणिक आगारात आहे.

याउलट, संग्रहालयाच्या अभावी नाहीशा होणाऱ्या वाहनांची उदाहरणेही राज्यात आहेत. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही मोटार अनेक दशके मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली. टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला बेस्टची जुनी डिझेलवरील दुमजली बसही शेवटची धावली. दोन्ही वेळी किमान एखादे वाहन जपून ठेवावे, अशी मागणी झाली. मुंबईतील ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली होती. जे वाहन हजारोंच्या संख्येने रस्त्यावर असते, ते दुर्मीळ होईपर्यंत कोणी जपत नाही, हा अनुभव सर्वत्र येतो. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून 'मीरा' नावाच्या छोट्या स्वदेशी मोटारीचे नमुने तयार केले. व्यापारी उत्पादन न झाल्याने अशा मोटारींची आठवण पूर्णपणे मूळ नमुन्यांवर व कागदपत्रांवर अवलंबून असते.

जालना जिल्हा व मराठवाड्याचा संदर्भ

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील तालुके मिळून निर्माण झाला. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील मोटार वाहतुकीच्या इतिहासाची साधने मुंबई-पुण्याबरोबर हैदराबादेतही शोधावी लागतात. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांसह रस्ते वाहतूक सुरू केली होती. त्या काळातील एक अल्बियन बस हैदराबादेत जतन केलेली आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी मागवलेली पिवळी रोल्स-रॉइस मोटार दीर्घ दुर्लक्षानंतर दुरुस्त होऊन हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. मराठवाड्यातील बससेवा पुढे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली.

आज जालना शहर पोलाद उद्योगासाठी ओळखले जाते. येथील भट्ट्यांत भंगार लोखंड वितळवून त्यापासून बांधकामाच्या सळया तयार होतात. मोडीत निघालेल्या मोटारींचे लोखंड अशाच भट्ट्यांत जाते. केंद्र शासनाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या वाहने मोडीत काढण्याच्या धोरणामुळे हा प्रवाह अधिक शिस्तबद्ध होत आहे. लोखंडाचा पुनर्वापर ही आवश्यक व उपयुक्त गोष्ट आहे. परंतु भट्टीपाशी आलेल्या वाहनाचे मोल किलोवर ठरते. त्याचे वय, निर्माता वा इतिहास तेथे मोजला जात नाही. जतनयोग्य वाहन त्यापूर्वीच ओळखले गेले पाहिजे. जुन्या बसचा एखादा सांगाडा, जिनिंग कारखान्यातील जुना ट्रक किंवा डॉक्टरांची जुनी फियाट यांची छायाचित्रे व कागद तरी मोडीत काढण्याआधी नोंदवून ठेवणे, हे कमी खर्चात होण्याजोगे जतन आहे.

समापनकाळातील तांत्रिक जतन

संग्रहालय बंद होणे व मोटारी नव्या ठिकाणी पोहोचणे यांत अनेकदा काही वर्षे जातात. म्युलूझ येथे हा काळ सुमारे ५ वर्षांचा होता. या काळात मोटार चालवली जात नाही. म्हणून ती झिजत नाही, असा समज आहे. वस्तुतः उभी मोटारही खराब होते.

पेट्रोल जुने झाले की टाकीत व कार्ब्युरेटरमध्ये डिंकासारखा थर बसतो. म्हणून दीर्घकाळ उभ्या ठेवायच्या मोटारीतील पेट्रोल काढून टाकतात. बॅटरी काढून वेगळी ठेवतात, कारण तिच्यातील आम्लाने भोवतालचा पत्रा खातो. टायर एकाच जागी दाबले जाऊन चपटे होतात, त्यामुळे मोटार ठोकळ्यांवर उचलून ठेवतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते व त्यामुळे ब्रेकच्या नळ्या आतून गंजतात. इंजिनातील जुन्या ऑइलमध्ये आम्लयुक्त मळ साचलेला असल्याने मोटार उभी करण्यापूर्वी ते बदलतात.

मराठवाड्यासारख्या प्रदेशात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि पावसाळ्यात हवा दमट होते. या चढउतारामुळे लाकडी सांगाडा आकसतो व फुगतो, चामडे तडकते आणि रबर कडक होते. थेट ऊन टाळणे, छताखाली हवा खेळती ठेवणे व आर्द्रता शक्य तितकी स्थिर राखणे हे उपाय महागड्या वातानुकूलनाशिवायही करता येतात. मोटारीवर प्लास्टिकचे आच्छादन घातल्यास आत ओलावा कोंडतो. म्हणून सुती कापड वापरतात. उंदीर वायरी व बैठकांतील भरण कुरतडतात, त्यामुळे नियमित पाहणी आवश्यक असते. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये व गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ते घासताना किंवा झाडताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते.

नोंदी, कागदपत्रे व कौशल्य

संग्रहालयातील प्रत्येक वस्तूला एक दाखल क्रमांक असतो व तो नोंदवहीत लिहिलेला असतो. मोटारीच्या बाबतीत या नोंदीत निर्माता, वर्ष, इंजिन व चेसिस क्रमांक, पूर्वीचे मालक, संग्रहात येण्याची रीत, केलेल्या दुरुस्त्या व बदललेले भाग यांचा उल्लेख असावा. मोटार दान म्हणून आली की केवळ उसनी ठेवली आहे, ही नोंद विशेष महत्त्वाची असते. समापनाच्या वेळी उसनी ठेवलेली मोटार चुकून विकली गेल्यास दीर्घ वाद निर्माण होतात.

समापन निश्चित होताच करावयाच्या कामांचा क्रम सामान्यतः असा असतो : प्रत्येक मोटारीची चारही बाजूंनी व क्रमांकपट्टीसह छायाचित्रे घेणे, चाव्या व कागदपत्रे क्रमांक घालून एकत्र ठेवणे, सुटे भाग ज्या मोटारीचे आहेत तिच्या क्रमांकाने बांधणे, नोंदवहीच्या प्रती किमान दोन ठिकाणी ठेवणे, विमा व पहारा खंडित होऊ न देणे. यांतील बहुतेक कामांना पैशापेक्षा चिकाटी अधिक लागते.

कारागिरांचे ज्ञान हा संग्रहाचा न दिसणारा भाग आहे. एखादे इंजिन कसे सुरू करावे, कोणता भाग कोठून घडवून घेतला, रंग कसा मिसळला, हे बरेचदा मेकॅनिकच्या स्मरणातच असते. संस्था बंद होताना कर्मचारी प्रथम पांगतात. त्यामुळे त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे हे समापनाच्या पहिल्या टप्प्यातच उरकावे, असे मानले जाते.

मतभेद

संग्रह एकत्र राखण्याबाबत एकमत नाही. एका मतानुसार संग्रह हा जमवणाऱ्याच्या दृष्टीचा व त्याच्या काळाचा पुरावा असतो; तो विखुरला की प्रत्येक मोटार टिकूनही हा पुरावा नाहीसा होतो. दुसऱ्या मतानुसार बंद दालनात निधीअभावी गंजण्यापेक्षा मोटारी त्या सांभाळू शकणाऱ्या अनेक हातांत जाणे अधिक हिताचे आहे. खाजगी मालकाच्या हक्कावर सार्वजनिक हितासाठी किती बंधन घालावे, हा याच वादाचा दुसरा भाग आहे. फ्रान्स व इटलीने एकसंधतेचे बंधन स्वीकारले; अमेरिकेत हॅरा संग्रहाच्या वेळी मालकाची इच्छा व लोकांची मागणी यांत तडजोड झाली. भारतात अशा बंधनाची स्वतंत्र तरतूद नसल्याने न्यासपत्र, मृत्युपत्र व दानपत्र यांतील शब्दरचनेवरच संग्रहाचे भवितव्य मुख्यतः अवलंबून आहे. हे दस्तऐवज संग्रहालय चालू असताना व संस्थापक हयात असतानाच करता येतात.

हे सुद्धा पहा

संग्रहालयशास्त्र
प्रीमियर पद्मिनी
बेस्ट उपक्रम
वालचंद हिराचंद
महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ
जालना जिल्हा